ठिपके आधी, रंग नंतर : बडोद्यात बसून अरबी समुद्राचा नकाशा

"मामा, खंभातच्या आखातात २९.४ अंश तापमान आहे," भाचीनं लॅपटॉप माझ्याकडे वळवत सांगितलं. नकाशा देखणा होता. ओमानजवळ हिरवा, लक्षद्वीपकडे गडद लाल आणि आपल्या आखातात छान नारिंगी.

"तिथं मोजायला कोण गेलं होतं?" मी विचारलं.

ती गप्प बसली. नकाशावर मोजमापांच्या जागा दाखवायची सोय होती, ती चालू केली. सगळ्यात जवळचा ठिपका आखातापासून कित्येकशे किलोमीटरवर, खोल समुद्रात निघाला. तो नारिंगी रंग संगणकानं आपल्या मनानं भरला होता. संगणकाची त्यात चूक नाही, आपणच त्याला सगळी पाटी रंगव म्हणून सांगितलेलं असतं.

तेव्हापासून दर रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी ती तिच्या प्रकल्पासाठी दोन तास बसते आणि आम्ही हा उद्योग पहिल्यापासून करतो. त्यातून जे कामाचं निघालं ते इथं लिहितोय. आपण बडोदेकर तसे समुद्रापासून लांबही नाही आणि जवळही नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटरवर कावी-कंबोई, तिथं भरतीला बुडणारं स्तंभेश्वराचं देऊळ बघायचं आणि संध्याकाळी घरी. पण ब्राउझर आणि बऱ्यापैकी इंटरनेट असलं की अख्ख्या अरबी समुद्राची मोजमापं फुकटात मिळतात. सॉफ्टवेअर बसवावं लागत नाही. मोबाइलवर मात्र करू नका. हे तक्त्यांचं काम आहे, बोटानं सरकवून जीव जातो.

सूरसागरात सहा थर्मामीटर

'इंटरपोलेशन' या शब्दाला बिचकू नका. मराठी पुस्तकांत त्याला अंतर्वेशन म्हणतात. माझ्यापुरता अर्थ : मोजलेल्या जागांच्या मधल्या, न मोजलेल्या जागांचा अंदाज बांधणं.

सूरसागर तलावाच्या काठावर सहा ठिकाणी थर्मामीटर सोडले असं समजा. मधोमध शंकराच्या मूर्तीजवळ पाणी किती गरम असेल? सहाही आकडे बघून तुम्ही काहीतरी सांगाल आणि ते फारसं चुकणार नाही, कारण पाणी एकच आहे आणि अंतर थोडं आहे. पण त्याच सहा आकड्यांवरून कमाटीबागेतल्या विश्वामित्रीचं तापमान सांगितलंत तर तो अंदाज नव्हे, थाप झाली. नकाशा काढणारं साधन दोन्ही उत्तरं सारख्याच आत्मविश्वासानं देतं. कुठलं घ्यायचं आणि कुठलं सोडायचं हे तुम्ही ठरवायचं.

बडोद्याच्या माणसाला रांगोळी वेगळी शिकवायला नको. आधी ठिपके, मग रेघा, शेवटी रंग. समुद्राच्या नकाशातही क्रम तोच आहे. फरक इतकाच की इथं साधन रंग आधी दाखवतं आणि ठिपके लपवतं.

पहिल्या दिवशी नुसतं बघा

'अर्थ नलस्कूल' नावाचं संकेतस्थळ उघडा. डाव्या कोपऱ्यातल्या मेनूत हवेऐवजी समुद्र निवडा, प्रवाह चालू करा, वर समुद्रपृष्ठाच्या तापमानाचा थर घाला. कुठंही क्लिक केलं की त्या जागेचा आकडा मिळतो. तारीख मागेपुढे करा. जानेवारीत आणि जुलैत सोमालियाचा किनारा बघा : तिथला प्रवाह मोसमी वाऱ्यांबरोबर चक्क दिशा बदलतो. जुलैत तो जोरात उत्तरेला धावतो आणि किनाऱ्यालगत खालचं गार पाणी वर येतं.

दुसरं ठिकाण म्हणजे युरोपच्या कोपर्निकस सागरी सेवेचा 'मायओशन' व्ह्यूअर. नुसतं बघायला नोंदणी लागत नाही, माहिती उतरवून घ्यायला लागते. भारतातलं बघायचं तर हैदराबादची इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र. १९९९ साली सुरू झालेली ही संस्था मच्छीमारांना मासळी कुठं मिळेल याचा सल्ला देते, त्सुनामीचा इशारा देते आणि समुद्राची माहिती ब्राउझरात उघडूनही देते.

अर्धा-पाऊण तास पुरे. इथं दिसतं ते बहुतेक सगळं उपग्रह आणि गणिती प्रतिमानं यांचं शिजवलेलं अन्न आहे. चव घ्या, पण स्वयंपाक शिकायचा तर भाजीबाजारात जायला हवं.

ठिपके कुठून येतात

समुद्राच्या आतलं तापमान आणि खारटपणा आज मुख्यतः आर्गो फ्लोट मोजतात. माणसाच्या उंचीचं, वीस-तीस किलो वजनाचं नळकांडं. ते १,००० मीटर खोलीवर तरंगत राहतं. दर दहा दिवसांनी आधी २,००० मीटरपर्यंत खाली जातं, तिथून वर येताना मोजत येतं, पृष्ठभागावर आलं की उपग्रहाला आकडे पाठवतं आणि पुन्हा बुडी मारतं. एका वर चढण्यातल्या मोजमापांना प्रोफाइल म्हणतात. हे काम १९९९ च्या सुमारास सुरू झालं, २००७ मध्ये ३,००० फ्लोटचा टप्पा गाठला आणि आता जगभरात सुमारे ४,००० फ्लोट आहेत. माहिती सगळ्यांना खुली.

यातून दोन गोष्टी निघतात, त्या मनात पक्क्या करा. एक, उद्दिष्ट साधारण ३ अंश गुणिले ३ अंशांच्या चौकोनात एक फ्लोट असं होतं. बडोद्यापासून सरळ दक्षिणेला तीन अंश उतरलं की वसई येते. म्हणजे बडोदा ते वसई एवढ्या पट्ट्यात एक थर्मामीटर, तोही दहा दिवसांतून एकदा. दोन, २,००० मीटर बुडी मारणारं यंत्र उथळ पाण्यात चालत नाही. खंभातच्या आखातासमोर समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ मंच, चांगलाच रुंद आहे. आखातात तर भावनगरकडे भरती-ओहोटीतला फरकच दहा मीटरच्या पुढे जातो. तिथं आर्गो नाही. भाचीचा ठिपका इतका लांब का निघाला, ते यात आलं.

सुरुवात एकाच फ्लोटपासून

सगळे थेट नकाशाला हात घालतात. मी म्हणतो, आधी एक फ्लोट घ्या.

आर्गोचे ताफे दाखवणाऱ्या संकेतस्थळांवर नकाशात अरबी समुद्रातला कुठलाही ठिपका दाबा, त्या फ्लोटचा क्रमांक आणि त्याची चित्रं उघडतात. त्यात आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर खोली आणि रंगात तापमान असं एक चित्र असतं. हे नवशिक्यासाठी सगळ्यात प्रामाणिक चित्र. उभ्या दिशेत मोजमापं दाटीनं असतात, त्यामुळे मनानं भरायला जागा थोडीच उरते.

उत्तर अरबी समुद्रातला, वर्ष-दोन वर्षं चाललेला फ्लोट निवडा. एप्रिल-मेमध्ये वरचा गरम थर पातळ दिसेल. जानेवारी-फेब्रुवारीत ईशान्येकडून येणारे कोरडे, गार वारे वरचं पाणी थंड आणि जड करतात, ते खाली बसतं, आणि एकसारख्या तापमानाचा थर शंभर मीटरच्या आसपास खोल जातो. चित्रात रंगाचा पट्टा दर हिवाळ्यात खाली झुकलेला दिसतो. भाचीनं ते बघितलं तेव्हा म्हणाली, "हा तर श्वास घेतोय." मी होकार दिला, पण प्रकल्पात तसं लिहू नकोस म्हटलं.

तक्ता उतरवून घेणं

आता स्वतःचे ठिपके. उदाहरणाला मे २०२१ घेऊ, तौक्तेचं चक्रीवादळ. १४ मेला वादळाला नाव मिळालं आणि १७ मेच्या रात्री ते ऊना-दीवच्या बाजूला सौराष्ट्रात धडकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतला गुलमोहर आडवा. प्रश्न असा ठेवू : वादळाआधी आणि नंतर अरबी समुद्राच्या वरच्या थराचं तापमान किती बदललं? प्रश्न असा एका ओळीत लिहून ठेवा. नाहीतर सगळ्या जगाचा डेटा उतरवाल आणि लॅपटॉप रडवाल.

'इर्डॅप' हे अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामान बघणाऱ्या सरकारी संस्थेत तयार झालेलं खिडकीवजा साधन आहे. जगातल्या अनेक संस्था आपला साठा त्यातून उघडतात. फ्रान्सच्या इफ्रेमर या समुद्रसंशोधन संस्थेच्या इर्डॅपवर आर्गोच्या मोजमापांचा संच आहे. तो उघडला की लांबलचक फॉर्म येतो. घाबरू नका, त्यातल्या मोजक्याच चौकटींशी आपलं काम आहे.

आधी सगळ्या खुणा काढून टाका. मग फ्लोटचा क्रमांक, फेरीचा क्रमांक, वेळ, अक्षांश, रेखांश, दाब आणि तापमान, एवढ्यांवर खूण करा. फ्लोट खोली मीटरमध्ये न देता दाब डेसिबारमध्ये देतो, पण वरच्या थरात १ डेसिबार म्हणजे जवळजवळ १ मीटर, तेव्हा अडत नाही. आता मर्यादा : अक्षांश ८ ते २४, रेखांश ५० ते ७५, दाब ५ ते १५. वेळ १ मे ते १३ मे. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहायची असते. तिथली मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. तेरा दिवस अशासाठी की फ्लोट दहा दिवसांतून एकदा वर येतो, तेव्हा इतक्या दिवसांत बहुतेक प्रत्येकाची एक तरी फेरी हाती लागते. दुसऱ्यांदा हेच सगळं १९ ते ३१ मेसाठी करा.

सगळ्यात महत्त्वाची चौकट म्हणजे तापमानाच्या गुणवत्तेची. आर्गोच्या प्रत्येक आकड्यामागे एक खूण असते : १ म्हणजे चांगला, २ बहुधा चांगला, ३ बहुधा खराब, ४ खराब, ९ म्हणजे आकडाच नाही. इथं 'बरोबर १' असं घाला. जागेच्या गुणवत्तेचीही अशीच खूण असते, तिथंही १.

शेवटी फाइलचा प्रकार. साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल, निवडलीत तर दुसऱ्या ओळीत एककं येतात आणि अनेक साधनं त्या ओळीला आकडे समजून अडखळतात. यादीतच सीएसव्हीपी नावाचा प्रकार आहे, त्यात एकक शीर्षकातच कंसात बसतं आणि दुसऱ्या ओळीपासून आकडे सुरू होतात. तो घ्या. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, एक अख्खा रविवार त्यात गेला.

तक्ता निवडणं

तांदूळ निवडतात तसा तक्ता निवडायचा. गूगल शीट्समध्ये उघडा आणि आधी नुसता डोळा फिरवा. सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठं तापमान काय? मे महिन्यात अरबी समुद्राच्या वरच्या थरात १२ अंश दिसले तर खडा आहे. कुठं ९९९९९ दिसलं तर ते तापमान नव्हे, रिकाम्या जागेची खूण आहे. ती एकच ओळ राहिली तरी सरासरी आभाळात जाते.

प्रत्येक फेरीत ५ ते १५ डेसिबारमध्ये अनेक आकडे असतील, कुणाचे दोन, कुणाचे दहा. तसेच ठेवले तर दहावाला फ्लोट दोनवाल्यावर दादागिरी करेल. म्हणून पिव्होट टेबल करा : ओळींत फ्लोटचा आणि फेरीचा क्रमांक, किमतींत अक्षांश, रेखांश आणि तापमान यांची सरासरी. एका फेरीची एकच ओळ उरते. ती खरी रांगोळीची पाटी.

मग याच शीटमध्ये रेखांश आडवा आणि अक्षांश उभा घेऊन साधा ठिपक्यांचा आलेख काढा. रंग नाही, किनारा नाही, काही नाही. नुसते ठिपके. पाच मिनिटं तो बघत बसा. गर्दी कुठं आहे, ओसाड कुठं आहे, ते डोळ्यांत बसू द्या.

इथंच आमची गंमत झाली होती. भाचीनं रेखांश-अक्षांशाची अदलाबदल केली. १८ उत्तर, ६२ पूर्व हा ओमानच्या आग्नेयेकडचा ठिपका झाला ६२ उत्तर, १८ पूर्व. ती जागा येते स्वीडनजवळच्या बॉथ्नियाच्या आखातात. म्हणजे तिथंही समुद्रच! साधनानं तक्रार केली नाही, आणि आम्ही वीस मिनिटं बाल्टिक समुद्र इतका गरम कसा यावर चर्चा केली. भूगोलाची साधनं बहुधा रेखांश आधी मागतात, आणि आपण बोलताना नेहमी अक्षांश आधी म्हणतो. तेव्हा तक्ता चिकटवण्याआधी पहिला रकाना बघायची सवय लावून घ्या.

रंग भरणं

भरायच्या रीती पुष्कळ आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे जवळच्या ठिपक्याला जास्त मान, लांबच्याला कमी. १९६८ साली डोनाल्ड शेपर्ड यांनी मांडलेली. क्रिगिंग ही रीत दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतून आली, डॅनी क्रिगे या खाण अभियंत्याच्या नावावरून. समुद्रासाठी माझी पसंती मात्र 'दिवा'ला. बेल्जियममधल्या लिएज विद्यापीठाच्या गटानं ही रीत घडवली. नाव इंग्रजी आद्याक्षरांचं आहे, पण आपल्याला विसरायची सोय नाही.

दिवा का, ते खारटपणाच्या उदाहरणावरून कळतं. उत्तर अरबी समुद्रात बाष्पीभवन जोरात आणि नद्या थोड्या, म्हणून खारटपणा ३६ च्या आसपास, म्हणजे किलोभर पाण्यात साधारण इतके ग्रॅम मीठ. उत्तर बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी पाणी ओतत असतात, तिथं तो ३३ च्याही खाली येतो. मंगळूर ते चेन्नई सरळ रेषेत सहाशे किलोमीटरच्या आत आहे. नुसतं अंतर मोजणारी रीत मध्ये अख्खा दख्खन आहे हे बघतच नाही. चेन्नईसमोरचं गोडसर पाणी मंगळुरात सांडते आणि मंगळूरचं मीठ चेन्नईला पाठवते. दिवा समुद्राची जाळीच किनाऱ्याच्या आत विणतो. दोन समुद्रांना एकमेकांशी बोलायचं तर कन्याकुमारीला वळसा घालूनच जावं लागतं, जसं पाण्याला जावं लागतं.

वापरायचे मार्ग दोन. समुद्रशास्त्रज्ञांचं आवडतं 'ओशन डेटा व्ह्यू' हे साधन जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेतल्या राइनर श्लिट्झर यांचं. त्याची ब्राउझरात चालणारी आवृत्ती म्हणजे 'वेबओडीव्ही'. तिथं सर्व्हरवर आधीच ठेवलेले साठे उघडतात. चित्रावर उजवं क्लिक करून त्याच्या गुणधर्मांत गेलात की ठिपक्यांऐवजी भरलेलं चित्र मागता येतं आणि भरायच्या रीतींत दिवाही असतो. रीत हाताला बसेपर्यंत तिथं खेळा. स्वतःचा तक्ता भरायचा तर लिएजच्याच गटानं काढलेलं 'दिवा ऑन वेब' : रेखांश, अक्षांश, किंमत असे तीन रकाने द्यायचे, चौकट आणि जाळीचा बारीकपणा सांगायचा, बटण दाबायचं.

बटण दाबण्याआधी दोन आकडे विचारले जातात. सगळं इथं ठरतं.

पहिला कोरिलेशन लेंग्थ, एल. एका ठिपक्याचा शब्द किती लांबपर्यंत चालतो, ते अंतर. एल १ अंश देऊन बघा : प्रत्येक ठिपक्याभोवती कुंकवाच्या टिकल्यासारखा रंग आणि मध्ये सगळीकडे एकच सपाट सरासरी. ठिपके तीन-तीन अंशांवर आहेत, तेव्हा एकाचा आवाज दुसऱ्यापर्यंत पोचतच नाही. आता १० अंश द्या : सगळ्या समुद्राची खिचडी, सोमालियाचा गारवा गोव्यापर्यंत पसरलेला. मग ३, ४, ५ असं करत जा. तिन्ही-चारी चित्रं शेजारी-शेजारी ठेवा. प्रत्येकात सारख्या दिसणाऱ्या गोष्टी बहुधा समुद्राच्या असतात. एल बदलला की गायब होणाऱ्या तुमच्या. ही तुलना मी सगळ्यांना करायला लावतो. कंटाळतात, पण करतात.

दुसरा सिग्नल टू नॉइज, म्हणजे खरी खूण आणि गोंगाट यांचं प्रमाण. ठिपक्यावर विश्वास किती, हा त्याचा अर्थ. जास्त ठेवलात तर पृष्ठभाग प्रत्येक ठिपक्यातून जायचा हट्ट धरतो आणि एखादा वेडावाकडा फ्लोट असला की त्याच्याभोवती कांदा आडवा कापल्यासारखी गोल कडी दिसतात. अशी कडी दिसली की समुद्रात भोवरा सापडला म्हणून नाचू नका. आधी त्या फ्लोटची ओळ तक्त्यात शोधा. कमी ठेवलात तर चित्र गुळगुळीत होतं आणि ठिपक्यांशी थोडं भांडतं. सुरुवातीला १ च्या आसपास ठेवा. वाटतं की यंत्र तर एका अंशाच्या लहानशा भागाइतकं अचूक मोजतं, मग अविश्वास कशाला? पण यंत्राची चूक हा गोंगाटाचा छोटा भाग. फ्लोटनं एका दिवशी, एका जागी मोजलं आणि आपण ते तेरा दिवसांचं, तीनशे किलोमीटरचं म्हणून वापरतोय. मोठा गोंगाट तो.

बटण दाबल्यावर दिवा दोन नकाशे देतो. एक उत्तराचा, दुसरा त्या उत्तरात चूक किती असेल याच्या अंदाजाचा, म्हणजे सापेक्ष त्रुटीचा. दुसरा बहुतेक लोक उघडतच नाहीत. त्यात ठिपक्यांजवळ आकडा लहान आणि ओसाड जागी १ कडे जाणारा असतो. युरोपातले सरकारी समुद्रनकाशे ०.३ आणि ०.५ या दोन मर्यादांनी झाकून देतात : त्याच्या वर गेलेला भाग चित्रात दाखवायचाच नाही. आम्ही ०.५ घेतली. खंभातचं आखात, कच्छचं आखात आणि मुंबईसमोरचा मोठा पट्टा पांढरा झाला. भाचीचं तोंड उतरलं. "अर्धा नकाशा गेला, मामा." गेला नाही, नव्हताच.

रंगपेटी

इथं थोडक्यात. इंद्रधनुष्यी रंगपट्टी टाळा. तिच्यात पिवळ्याजवळ उगाच धार दिसते, तिथं समुद्रात काहीच घडलेलं नसतं. लाल-हिरवा ओळखता न येणाऱ्यांना ती वाचताही येत नाही. समुद्रासाठी २०१६ मध्ये 'सीएमओशन' नावाचा रंगपट्ट्यांचा संच प्रसिद्ध झाला, त्यात तापमानासाठी 'थर्मल', खारटपणासाठी 'हेलाइन' अशा वेगळ्या पट्ट्या आहेत; अनेक साधनांत त्या मिळतात. फरकाचा नकाशा असेल तर मध्ये पांढरी, दोन टोकांना दोन रंग अशी पट्टी, आणि पांढरा बरोबर शून्यावर. आधीच्या आणि नंतरच्या नकाशाला एकच मर्यादा ठेवा, समजा २६ ते ३२. साधनाला आपोआप ठरवू दिलंत तर दोन्ही नकाशे सारखेच लाल दिसतील आणि वादळ कुठं गेलं ते कळणार नाही.

तपासणी

पिव्होटमधल्या ओळींपैकी पाच चिठ्ठ्या टाकून निवडा आणि काढून ठेवा. उरलेल्यांवर नकाशा काढा. मग त्या पाच जागी नकाशा काय सांगतो आणि फ्लोटनं काय मोजलं होतं, ते शेजारी लिहा. फरकांची सरासरी अर्धा अंश आली, तर तौक्तेनं समुद्र ०.३ अंशानं गार केला असं तुमच्या नकाशावरून म्हणता येणार नाही. हे गणित एका कागदावर होतं, तरी सगळ्यात जास्त टाळलं जातं.

दुसरी तपासणी उपग्रहाशी. नोआचा ओआयएसएसटी हा १९८१ पासूनचा, पाव अंशाच्या चौकोनांचा रोजचा तापमानसंच इर्डॅपवरच मिळतो. वादळाच्या वाटेवर पाणी गार झालेलं त्यात रोजच्या रोज बघता येतं : वारा पाणी घुसळतो, खालचं थंड वर येतं. तुमच्या फ्लोटच्या नकाशात ते पुसट दिसलं तर आश्चर्य नाही. वादळ तीन-चार दिवसांत निघून गेलं आणि फ्लोट दहा दिवसांनी वर येतो, कित्येकांनी ते पाहिलंच नसणार.

आकडे तंतोतंत जुळायची अपेक्षा ठेवू नका. बहुतेक फ्लोट पृष्ठभागाच्या सुमारे पाच मीटर खालीच मोजणं थांबवतात, उपग्रह पाण्याची वरची साय बघतो. शांत, कडक उन्हाच्या दुपारी दोन्हींत फरक पडतोच. शिवाय ओआयएसएसटीच्या २.१ आवृत्तीत आर्गोच्या वरच्या थरातल्या नोंदी मिसळलेल्या आहेत, आणि तोही संच रिकाम्या जागा इंटरपोलेशननंच भरतो. म्हणजे साक्षीदार पूर्ण तिऱ्हाईत नाही, नात्यातलाच आहे. साक्ष घ्या, पण हे लक्षात ठेवून.

जपून ठेवणं

चित्र उतरवलंत, छान. त्याच फोल्डरमध्ये मूळ सीएसव्हीपी न बदलता ठेवा, निवडलेला तक्ता वेगळ्या नावानं ठेवा आणि इर्डॅपच्या फॉर्मवर तयार होणारा लांबलचक पत्ता एका मजकुराच्या फाइलीत चिकटवा. तो पत्ता पुन्हा उघडला की तीच मागणी पुन्हा जाते. मात्र आर्गोचे आकडे नंतर तज्ज्ञ तपासून सुधारतात, तेव्हा सहा महिन्यांनी मिळणारा तक्ता आजच्यासारखाच असेल असं नाही. उतरवल्याची तारीखही लिहा.

आणि चित्राखाली एक ओळ. आमच्याकडच्या चित्राखाली अशी आहे : 'आर्गो, १ ते १३ मे २०२१, ५ ते १५ डेसिबार, गुणवत्ता १, दिवा, एल ३ अंश, सिग्नल टू नॉइज १, सापेक्ष त्रुटी ०.५ च्या वर पांढरं, काळे ठिपके म्हणजे मोजमापं.' ओळ चित्रापेक्षा रुंद झाली म्हणून भाचीनं अक्षर बारीक केलं. मग प्रिंट काढल्यावर पेन घेऊन खंभातच्या पांढऱ्या जागेत स्वतःच्या हातानं लिहिलं, 'इथं कुणी मोजलेलं नाही.'